एका प्रश्नाची सहल : लहान खेड्यातील प्राथमिक शाळेसाठी परिसरभेटींचे नियोजन

ज्या शाळेत एक किंवा दोन शिक्षक आणि सगळे वर्ग मिळून वीस-तीस मुले असतात, तिथे सहलीचा विषय निघाला की आधी अडचणींचीच चर्चा होते. मुले कमी असल्यामुळे गाडीचा माणशी खर्च वाढतो, एक शिक्षक काही मुलांसोबत गेला तर उरलेल्या वर्गांकडे पाहायला कोणी राहत नाही, आणि पहिलीतले मूल व पाचवीतले मूल एकाच ठिकाणी नेऊन दोघांना काय दाखवायचे, हे ठरत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्या वर्षातून एकदा, दूरवर, गाडीने आणि दिवसभरासाठी निघणाऱ्या सहलीच्या आहेत. महिन्यातून एकदा, पायी, दीड-दोन तासांसाठी आणि एकच प्रश्न घेऊन संपूर्ण शाळा बाहेर पडली, तर गाडी लागत नाही, मागे कोणी उरत नाही आणि वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असणे कामालाच येते. या लेखात अशाच भेटींची आखणी पहिल्या पायरीपासून मांडली आहे.

ही कल्पना जुनी आहे आणि ती खेड्यातल्या लहान शाळांमध्येच वाढली. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला इजा झाल्यामुळे सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाला वर्गात तासन्‌तास बोलणे जमत नसे. १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधील एका लहान गावच्या शाळेत रुजू झाल्यावर त्यांनी मुलांना घेऊन शेतांतून आणि कारागिरांच्या कामाच्या जागांवरून फिरायला सुरुवात केली. परत आल्यावर मुले पाहिलेले लिहीत, पुढे शाळेतल्या छोट्या छपाईयंत्रावर ते छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवीत. युक्रेनमधील पाव्हलिश या गावच्या शाळेत १९४८ ते १९७० या काळात मुख्याध्यापक असलेले वासिली सुखोमलिन्स्की हेही लहान मुलांना उघड्या आकाशाखाली नेऊन निरीक्षण करायला आणि त्याबद्दल बोलायला लावत. दोघांच्याही कामात फिरण्याइतकेच महत्त्व फिरून आल्यानंतरच्या लेखनाला आणि बोलण्याला होते. आपल्याकडून नेमका हाच भाग सर्वांत जास्त सुटतो.

आधी प्रश्न, मग ठिकाण

बहुतेक वेळा आपण ठिकाण ठरवतो आणि तिथे काय पाहायचे ते पोहोचल्यावर बघू, असे म्हणतो. हा क्रम उलटा करावा. ‘ओढा पाहायला जाऊ’ म्हटल्यावर मुले ओढा पाहतात आणि पाच मिनिटांत त्यांचे पाहणे संपते. ‘पाणी वळणाच्या आतल्या बाजूने जोरात वाहते की बाहेरच्या बाजूने?’ असा प्रश्न घेऊन गेलो, तर तीच मुले तासभर पाण्याकडे डोळे लावून बसतात.

प्रश्न निवडताना मी तीन कसोट्या लावतो. त्याचे उत्तर पुस्तकात मिळता कामा नये. मोजून, मोजदाद करून किंवा कोणाला तरी विचारूनच ते मिळावे. बाहेर पडण्यापूर्वी निदान दोन मुलांचे अंदाज वेगळे असावेत, कारण सर्वांचे मत एकच असेल तर पडताळण्यासारखे काही राहत नाही. तिसरी कसोटी वयाची आहे : सहा वर्षांच्या मुलाला त्या कामात हाताने करण्यासारखे काहीतरी असावे आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यात गणित किंवा लेखन करायला वाव असावा. शाळेजवळच्या दहा झाडांत सर्वांत जाड खोड कोणाचे आहे, एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या बाजूंची पाने आकाराने सारखी असतात का, पंधरा मिनिटांत अंगणात किती जातींचे पक्षी येतात, शाळेपासून विहिरीपर्यंतचे अंतर सर्वांच्या पावलांनी सारखेच भरते का, असे कितीतरी प्रश्न या कसोट्यांना उतरतात.

प्रश्न ठरला की आदल्या दिवशी प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर नावासह लिहून घ्यावा आणि तो पुसू नये. आपला अंदाज चुकला तर हसे होईल, ही भीती मुलांना वाटू नये म्हणून शिक्षकाने स्वतःचाही अंदाज त्याच यादीत लिहावा. तो चुकला तर उत्तमच. मुले तो प्रसंग वर्षभर विसरत नाहीत.

स्वतः एकदा जाऊन येणे

ठिकाण कितीही जवळचे आणि रोजच्या पाहण्यातले असले, तरी मुलांना नेण्याच्या आदल्या आठवड्यात शिक्षकाने त्याच वाटेने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, हातात घड्याळ घेऊन एकदा जाऊन यावे. वेळेचा आग्रह मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी मी पाहणीसाठी सकाळी गेलो आणि मुलांना दुपारी नेले. सकाळी वाटेवर पसरलेली झाडांची सावली दुपारी नाहीशी झाली होती आणि ज्या कारागिराकडे जायचे होते तो त्या वेळी काम बंद करून घरी गेलेला होता. मुले दमून, काहीही न पाहता परतली, आणि त्यांच्यापेक्षा मलाच ते अधिक लागले.

पाहणीत पहिल्यांदा चालण्याचा हिशेब करावा. मोठे माणूस तासाला साधारण साडेचार किलोमीटर चालते, म्हणजे सातशे मीटरला त्याला नऊ-दहा मिनिटे पुरतात. पहिलीतली मुले सोबत असलेला आणि मध्येच थांबत जाणारा घोळका तासाला दोन किलोमीटर चालला तरी पुष्कळ झाले, म्हणून त्याच अंतराला वीस ते पंचवीस मिनिटे धरावीत. पहिल्या दोन-तीन भेटींसाठी एका बाजूचे अंतर एक किलोमीटरच्या आत ठेवणे चांगले.

त्यानंतर धोक्याच्या जागा वहीत लिहाव्यात : कठडा नसलेली विहीर, पडायला आलेली भिंत, लोंबणारी वीजतार, झाडावरचे किंवा पुलाखालचे मधमाश्यांचे पोळे, मोकाट कुत्री असलेली जागा, रस्ता ओलांडण्याचे ठिकाण. मधमाश्यांचे पोळे दिसले तर त्या जागेचा विचार सोडून द्यावा. मुलांना गप्प बसवून पोळ्याखालून नेता येईल, असा भरवसा कोणी धरू नये. पिण्याचे पाणी कुठे मिळेल, मुलींना आणि मुलांना लघवीला जायची सोय कुठे आहे, अचानक पाऊस आल्यास आडोसा कोणता, मोबाइलची रेंज कुठे मिळते, निकडीच्या वेळी कोणाचे वाहन मिळेल आणि जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, या सगळ्यांची उत्तरे निघण्याआधीच हाती असावीत.

शाळेत चालताना त्रास होणारे, कमी दिसणारे किंवा चाकाची खुर्ची वापरणारे मूल असेल, तर वाट त्या मुलाला धरूनच निवडावी. आधी वाट ठरवून नंतर ‘याला कसे न्यायचे’ असा विचार केला की ते मूल बहुधा वर्गातच राहते. ज्या वाटेने ते मूल जाऊ शकत नाही, ती वाट शाळेच्या सहलीसाठी योग्य नाही, असे मी मानतो.

पालकांना काय कळवावे

आपल्या भागात लागू असलेले परवानगीचे नियम मुख्याध्यापकांनी आधी पूर्ण करावेत. पालकांना पाठवायची चिठ्ठी मात्र साधी आणि पूर्ण असावी. तिच्यात कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता निघून किती वाजता परत, पायी की वाहनाने, सोबत कोण मोठी माणसे, काय घालून यावे आणि कोणता प्रश्न घेऊन जात आहोत, हे सर्व लिहावे. शेवटच्या गोष्टीमुळे घरोघरी त्या प्रश्नावर बोलणे सुरू होते, आणि पालकांपैकी एखाद्याला त्या विषयातले बरेच कळते हेही अनेकदा अशा वेळीच समजते. चिठ्ठीच्या खालच्या भागात संमतीची सही, निकडीच्या वेळी संपर्काचा क्रमांक आणि मुलाला दमा, फिट, कशाची ॲलर्जी किंवा चालू औषध असल्यास त्याची नोंद मागावी. छायाचित्रे काढायची असतील, तर त्यांना पालकांची वेगळी संमती घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही, त्या पालकांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. मुलाच्या हातून निरोप पाठवणे पुरेसे नाही.

गट, कामे आणि हजेरी

चार-पाच मुलांचा एक गट करावा आणि प्रत्येक गटात सगळ्या वयांची मुले असावीत. बहुवर्ग शाळेला मिळालेले हे मोठे बळ आहे : मोठ्या शाळेत तिसरीचा वर्ग एकटा सहलीला जातो, आपल्याकडे तिसरीतल्या मुलीला सोबत पाचवीतला भाऊ आणि पहिलीतली बहीण मिळते. प्रत्येक मुलाला एक नेमके काम द्यावे. एकाने मोजावे, एकाने लिहावे, एकाने वेळ पाहावी, एकाने चित्र काढावे, एकाने साहित्य सांभाळावे. पुढच्या भेटीत कामे बदलावीत, नाहीतर हुशार समजले जाणारे मूल दर वेळी लिहिते आणि लाजरे मूल दर वेळी पिशवी धरून उभे राहते. पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नसले, तरी खडे किंवा बिया एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकून त्याला मोजदाद ठेवता येते, आणि ही मोजदाद बहुधा बिनचूक असते.

पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. शिक्षक दोनच असतील तर पालकांना सोबत घ्यावे, पण त्यांना आदल्या दिवशी बोलावून त्यांचा गट, त्यांची जागा आणि त्यांचे काम समजावून द्यावे. आपल्याच मुलाचा हात धरून चालणारा पालक गटाच्या उपयोगाचा नसतो. म्हणून पालकाला त्याचे स्वतःचे मूल नसलेला गट द्यावा. चालताना एक मोठे माणूस सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे राहावे, आणि चालण्याचा वेग सर्वांत लहान मुलाने ठरवावा. निघताना, प्रत्येक थांब्यावर आणि परतताना मुलांची मोजणी करावी. प्रत्येक मुलाला क्रमांक देऊन तो मोठ्याने म्हणायला लावला की वीस मुलांची हजेरी अर्ध्या मिनिटात होते. शिवाय प्रत्येकाला जोडीदार ठरवून द्यावा, म्हणजे कोणी मागे राहिले तर पहिली हाक मुलांकडूनच येते.

सुरक्षेबाबत चार गोष्टींत तडजोड नको. पाण्याजवळ गेल्यावर मुलांनी काठापासून दोन मीटर लांब थांबावे आणि पाण्यात काहीही टाकायचे असल्यास ते मोठ्यांनी टाकावे. मेघगर्जना ऐकू आली की लगेच पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटे होईपर्यंत बाहेर पडू नये. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट बांधणे हे काहीही करू नये. मुलाला शांत ठेवून, तो हात किंवा पाय हलू न देता, थेट दवाखान्यात न्यावे. उन्हात एखादे मूल मरगळले, डोके दुखते म्हणू लागले किंवा त्याला उलटी झाली, तर भेट तिथेच थांबवून त्याला सावलीत घ्यावे, ओल्या कापडाने अंग पुसावे आणि ते शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी द्यावे. बरळू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

काही भेटी नमुन्यादाखल

पहिली भेट शाळेच्या फाटकाबाहेरही नेऊ नये. अंगणात मोकळ्या, सपाट जागी एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी. दोऱ्याला दगड बांधून ती उभी सरळ आहे का ते मुलांकडूनच तपासून घ्यावे. सकाळी साडेदहापासून दुपारी दोनपर्यंत दर वीस मिनिटांनी एका गटाने जाऊन सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा, सावलीची लांबी मोजावी आणि वेळ लिहावी. बाकीचे गट तोवर वर्गात असतात, त्यामुळे एकशिक्षकी शाळेतही हे सहज जमते. सर्वांत आखूड सावली नेमक्या बारा वाजता पडेल, असा बहुतेकांचा अंदाज असतो आणि तो बहुधा चुकतो, कारण घड्याळातले बारा हे पूर्ण प्रदेशासाठी ठरवलेले असतात आणि सूर्याची मध्यान्ह त्या-त्या ठिकाणची असते. काठीच्या बुंध्यापासून सर्वांत आखूड सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढली की उत्तर-दक्षिण दिशा मिळते. सूर्य अगदी डोक्यावर येतो अशा दिवसांत ही सावली जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे दिशा शोधायच्या असल्यास ते दिवस टाळावेत. मिळालेली रेघ अंगणात रंगाने कायमची आखून ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक भेटीचा नकाशा याच रेघेवरून काढायचा आहे.

आपल्या उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर असलेल्या एखाद्या शाळेशी ओळख असेल तर त्याच दिवशी दोन्ही शाळांनी हाच प्रयोग करून आकडे एकमेकांना पाठवावेत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या विद्वानाने इजिप्तमधील दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांतला फरक वापरून पृथ्वीचा घेर काढला होता. पाचवीतल्या मुलांना तो हिशेब पूर्ण झेपणार नाही, पण काठी तेवढीच आणि दिवस तोच असूनही दोन गावांत सावलीची लांबी वेगळी येते, हे पाहून त्यांच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

झाडांची भेट वर्षानुवर्षे चालवता येते. शाळेच्या आसपासची दहा झाडे निवडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर दोऱ्याने मोजावा. वनस्पतींचा अभ्यास करणारे लोकही अनेक देशांत याच उंचीवर मोजतात. उंची एकच ठेवण्याचे कारण मुलांनाच शोधायला सांगावे : एका गटाने बुंध्याशी आणि दुसऱ्याने खांद्याच्या उंचीवर मोजले की एकाच झाडाचे दोन घेर येतात आणि वाद सुरू होतो. तो वाद शिक्षकाने लगेच मिटवू नये. मोठी मुले घेराला ३.१४ ने भागून खोडाची जाडी काढतील. लहान मुले खोडावर कागद धरून त्यावर खडू घासून सालीचा ठसा घेतील. दर वर्षी त्याच महिन्यात तीच झाडे मोजावीत, म्हणजे पहिलीत दोरा धरणाऱ्या मुलाला पाचवीत स्वतःच्या शाळेने जमवलेले पाच वर्षांचे आकडे हातात मिळतात.

पाण्याचा वेग मोजायचा असेल, तर काठावर दहा मीटर अंतर दोन काठ्यांनी दाखवून वरच्या बाजूला मोठ्या माणसाने वाळके पान सोडावे आणि खालच्या काठीपाशी ते पोहोचेपर्यंतचे सेकंद मुलांनी मोजावेत. हे तीनदा करून सरासरी काढावी. पंचवीस सेकंद लागले, तर पाणी मिनिटाला चोवीस मीटर जाते. कठड्याचा साकव असेल तर याहून चांगली जागा नाही. ओढा फुगलेला असताना मात्र ही भेट रद्द करावी.

पक्ष्यांची मोजणी सर्वांत सोपी आहे आणि तिला जगाशी जोडता येते. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस एक जागतिक पक्षीगणना होते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या गणनेत किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून दिसलेले पक्षी नोंदवायचे असतात. नावे माहीत नसली तर मुलांनी ‘लांब शेपटीचा काळा’, ‘ठिपक्यांचा तपकिरी’ अशी स्वतःची नावे द्यावीत आणि खरी नावे नंतर शोधावीत. पंधरा मिनिटे गप्प बसणे पहिल्या वेळी जमत नाही. तेव्हा पाचपासून सुरुवात करावी.

माणसांकडे जाणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुंभार, लोहार, सुतार, टपाल वाटणारा, विहिरी खोदणारा, ज्यांच्या हातात काही कला आहे असे कोणीही चालेल. शिक्षकाने आधी भेटून वेळ ठरवावी आणि त्यांना ‘भाषण करू नका, तुमचे नेहमीचे काम चालू ठेवा’ अशी विनंती करावी. प्रत्येक गटाने तीनच प्रश्न तयार ठेवावेत. ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला छोटेसे उत्तर मिळते. ‘हे काम शिकताना तुमच्या हातून सर्वांत जास्त काय बिघडायचे?’ किंवा ‘यातले कोणते हत्यार तुम्ही स्वतः बनवले?’ असे विचारले की माणूस काम थांबवून सांगू लागतो. तीन प्रश्न संपल्यावर मिळालेल्या उत्तरांतून चौथा प्रश्न जागेवरच काढायचा, हे मुलांना वर्गात एकमेकांच्या मुलाखती घेऊन आधी शिकवावे. परतल्यावर आभाराचे पत्र लिहावे आणि मुलांनी स्वतः नेऊन द्यावे.

परत आल्यावर

शाळेत पोहोचल्यावर पाणी पिऊन झाले की त्याच दिवशी वीस मिनिटे लेखनासाठी ठेवावीत. दुसऱ्या दिवसावर ढकलले की सगळ्यांचे लेखन सारखे होते. त्याच दिवशी लिहिले की एक मूल वेगाबद्दल लिहिते, दुसरे पायाला रुतलेल्या काट्याबद्दल, आणि दोन्ही लेखने खरी असतात. लिहिता न येणाऱ्याने सांगावे आणि मोठ्या कोणीतरी ते त्याच्याच शब्दांत उतरवावे, भाषा सुधारू नये.

मग फळ्यावरच्या अंदाजांशी आकडे ताडून पाहावेत. दोन गटांचे आकडे जुळत नसतील, तर शिक्षकाने बरोबर कोण ते सांगून टाकू नये. कसे मोजले ते दोन्ही गटांनी सर्वांसमोर करून दाखवावे, आणि तरीही उलगडा न झाल्यास पुढच्या आठवड्यात तिथेच पुन्हा जावे. एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा जाणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव असा, की मुले खऱ्या अर्थाने पाहायला लागतात ती दुसऱ्या खेपेला.

शाळेची एक जाड वही केवळ परिसरभेटींसाठी ठेवावी. प्रत्येक भेटीला दोन पाने द्यावीत : डावीकडे तारीख, वेळ, हवामान, प्रश्न, अंदाज, आकडे आणि मोजणाऱ्यांची नावे, उजवीकडे मुलांची निवडक चित्रे व मजकूर. भिंतीवर गावाचा एक मोठा कोरा नकाशा लावून, अंगणातल्या उत्तर-दक्षिण रेघेनुसार दिशा दाखवून, प्रत्येक भेटीनंतर त्यात एकेक जागा भरत जावी.

वर्षाची आखणी आणि लांबची सहल

पहिल्या महिन्यात अंगण, दुसऱ्यात शाळेच्या कुंपणालगतची झाडे, मग एक किलोमीटरच्या आतल्या तीन-चार जागा, त्यानंतर दोन कारागीर, असा क्रम ठेवला की मुलांना रांग, हजेरी आणि गटकाम यांची सवय लागते आणि वर्षअखेरीस लांबची सहल काढण्याचा शिक्षकालाही धीर येतो. परीक्षेचा आणि शेतीच्या कामाच्या धांदलीचा काळ टाळावा, कारण तेव्हा पालक सोबत येऊ शकत नाहीत.

लांबच्या सहलीसाठी शेजारच्या लहान शाळेला सोबत घेतल्यास वाहनाचा खर्च विभागला जातो आणि मोठी माणसेही वाढतात. खर्चामुळे एकही मूल मागे राहणार असेल, तर ठिकाण जवळचे निवडावे. संग्रहालयात गेल्यास प्रत्येक गटाने तीनच वस्तू निवडून त्यांच्यासमोर दहा-दहा मिनिटे बसावे, चित्र काढावे आणि ‘ही वस्तू कोणी, कशाने आणि कशासाठी बनवली असेल?’ यावर लिहावे. बाकीची दालने राहिली तरी चालतील. परतीच्या वाटेवर गाडीत प्रत्येक मुलाकडून एक न सुटलेला प्रश्न विचारून घ्यावा आणि ते सगळे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर विचारणाऱ्याच्या नावासह उतरवून ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत हे पान उघडावे आणि त्यातल्या ज्यांची उत्तरे शाळेपासून चालत जाऊन शोधता येतील, असे प्रश्न मुलांनाच निवडू द्यावेत.